कोकणात फिरणारा छोटा कॅम्पिंग ट्रेलर: इन्सुलेशन आणि ऊब, पायरीपायरीने

छोट्या ट्रेलरचं इन्सुलेशन कसं करावं, यावर व्हिडिओ भरपूर सापडतात. पण त्यातले बहुतेक थंड, कोरड्या देशांतले. बाहेर बर्फ आणि आत माणसांच्या श्वासाने दमट झालेली ऊबदार हवा, असा तिथला प्रश्न. म्हणून भिंतीत जाड ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), त्यावर आतून प्लास्टिकचा कागद आणि मोठा हीटर, असा तिथला ठरलेला उपाय. हाच उपाय जसाच्या तसा गुहागर-मालवणात आणला, तर ग्लासवूल एकदोन पावसाळ्यांत ओलं होऊन खाली बसतं, प्लायच्या मागे बुरशी धरते आणि सांगाडा आतून गंजायला लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही, फक्त कुबट वास येतो.

कोकणात कामाचा क्रम वेगळा लागतो. आधी गळती, मग ऊन, मग ओल आणि सगळ्यात शेवटी थंडी. या क्रमाने काम केलं, तर थंडीसाठी करायचं फार थोडं उरतं. महाराष्ट्र शासनाचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, ट्रेलर घेणारे आणि गॅरेजात बांधून घेणारेही आता दिसू लागलेत. त्यांचे पैसे चुकीच्या थरावर जाऊ नयेत, असं मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हिशेबासाठी एक नेहमीचा ट्रेलर धरू. आतून ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद, १.८ मीटर उंच. चौकोनी पाइपचा सांगाडा, वर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा. छत, जमीन आणि चारही भिंती मिळून साधारण २८ चौरस मीटर होतात. तुमचा ट्रेलर लहान-मोठा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

आधी दवाचा हिशेब

किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीतही रात्र फारशी गार नसते. पारा बहुधा १७ ते २० अंशांच्या आसपास असतो. पण जरा आत, उंचावर गेलात की चित्र बदलतं. दापोलीच्या पठारावर किंवा आंबोलीला पहाटे १० अंशांपर्यंत उतरलेला पारा नवा नाही. आंब्याला मोहोर यावा म्हणून बागायतदार ज्या थंडीची वाट बघतो, तीच थंडी पत्र्याच्या डब्यात झोपलेल्या माणसाला पहाटे चारला जागं करते.

समजा बाहेर १० अंश आहे आणि आत २०. आतली आर्द्रता ८५ टक्के, म्हणजे कोकणात आणि दोन माणसं झोपलेली असताना अगदी सहज होणारी. अशा हवेचा दवबिंदू सुमारे १७.४ अंश. म्हणजे आतली जी जी जागा १७.४ च्या खाली जाईल, तिथे पाणी धरणार. उघड्या पत्र्याची आतली बाजू या परिस्थितीत १२-१३ अंशांवर असते, त्यामुळे छतातून अंथरुणावर थेंब पडतात. त्याच पत्र्याला २५ मिलिमीटरचं एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीनची कडक फोमशीट, आणि वर पातळ प्लाय लावला, की आतला पृष्ठभाग साडेअठरा अंशांच्या वर राहतो आणि पाणी धरत नाही. इन्सुलेशन ऊब राखतं हे खरं, पण आतला पृष्ठभाग दवबिंदूच्या वर ठेवणं हे इथे त्याचं अधिक मोठं काम.

आता मे महिना घ्या. बाहेर ३१ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, म्हणजे दवबिंदू २६ च्या आसपास. तुम्ही एसी लावून आत २४ केलंत. आता बाष्प उलट्या दिशेने, बाहेरून आत ढकललं जातं. भिंतीत ग्लासवूल आणि त्यावर आतून प्लास्टिक असेल, तर त्या प्लास्टिकच्या मागच्या बाजूला पाणी साठतं आणि तिथून ते सुकायला जागाच नसते. म्हणून कोकणात प्लास्टिकच्या कागदावर विसंबू नका. जे स्वतःच पाणी आणि बाष्प धरत नाही, असं बंद पेशींचं (आतले हवेचे बुडबुडे एकमेकांना न जोडलेलं) फोम पत्र्याला सलग चिकटवणं, हाच इथला मार्ग. हर्णै बंदरावर मासळीच्या पेट्या बघा. पेटीत बर्फ दिवसभर टिकतो तो भिंत जाड आहे म्हणून जितका, तितकाच ती सलग आहे, कुठे फट नाही, म्हणून. ट्रेलरची भिंतही तशीच हवी.

काम कधी काढायचं आणि सुरुवात कुठून

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सीलंट, चिकटवण्या आणि रंग यांना कोरडा पृष्ठभाग लागतो आणि कोकणात तो याच महिन्यांत मिळतो. जुलैत शेडमध्ये बसून काम उरकण्याचा मोह टाळा. ओल पत्र्याच्या आणि फोमच्या मध्ये कोंडली, की ती पुढे कधीच बाहेर पडत नाही.

पहिलं काम गळती शोधण्याचं. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून नळी धरायची. खालून सुरुवात करून हळूहळू वर जा, प्रत्येक जोडावर चार-पाच मिनिटं पाणी सोडा. आधीच छतावर पाणी मारलंत, तर ते कुठूनही ओघळेल आणि नेमकी जागा कळणार नाही. खिडकीची चौकट, छतावरच्या व्हेंटची कड, मागच्या दिव्यांची भोकं आणि कोपऱ्यातल्या रिव्हेटच्या रांगा, या चार ठिकाणी बहुतेक गळती सापडते. जुनं सिलिकॉन खरवडून पूर्ण काढा. त्याच्यावर नवं काहीच धरत नाही. नवीन जोडांना पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरा, त्यावर रंगही बसतो.

मग गंज. खाऱ्या हवेत मीठ पत्र्याच्या घडीत बसतं, हवेतलीच ओल ओढून घेतं आणि पाऊस नसतानाही खात राहतं. म्हणून आधी सगळा सांगाडा गोड्या पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस उन्हात सुकवा, मग वायर ब्रशने घासून झिंक प्रायमरचे दोन हात द्या. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात साधा लोखंडी स्क्रू मारू नका. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की त्यातल्या एकाची, इथे ॲल्युमिनियमची, झीज वाढते. ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू आणि खाली नायलॉनचा वॉशर घ्या. किमतीत फरक आहे, पण हे स्क्रू नंतर प्लाय उचकटल्याशिवाय बदलता येत नाहीत.

सामान निवडताना

माझी पसंती एक्सपीएसच्या शीटला. बाजारात ही बहुधा निळी, गुलाबी किंवा हिरवट मिळते; पेशी बंद असल्याने पाणी पीत नाही, दाबाला टिकते, सुरीने कापता येते. तिची उष्णतावाहकता ०.०३३ च्या आसपास (वॉट प्रति मीटर-केल्विन; आकडा जितका लहान तितकं इन्सुलेशन चांगलं). पांढरा थर्माकोल थोडाच कमी चांगला आहे, पण त्याच्या मण्यांच्या मधून ओल हळूहळू शिरते आणि प्रवासाच्या हादऱ्यांनी तो किरकिरतो, चुरतो. पफ म्हणजे पॉलियुरेथेनची शीट सगळ्यात सरस, ०.०२५ च्या आसपास. छतासाठी परवडत असेल तर जरूर घ्या, फक्त कापलेल्या कडा टेपने बंद करा. वक्र भागासाठी, चाकावरच्या कमानीसाठी आणि पाइपच्या कडांसाठी नायट्राइल रबर फोम. एसीच्या पाइपांवर जे काळं फोम गुंडाळतात तेच. त्याच्या चिकट पाठीच्या शीटही मिळतात.

चंदेरी बबल फॉइलबद्दल स्पष्ट सांगायला हवं. चकाकणारा थर उष्णता परतवतो तो समोर हवेची पोकळी असेल तेव्हाच, आणि ती निदान २० मिलिमीटरची तरी हवी. पत्र्याला चिकटवून वर प्लाय दाबला, तर उरतो फक्त चार मिलिमीटरचा फुगे असलेला कागद. खिडकीच्या पडद्यासाठी तो उत्तम, भिंतीत पैसे वाया.

एक्सपीएस चिकटवताना चपलांना किंवा सनमायकाला लावतात तो पिवळा, वासाचा गोंद वापरू नका. त्यातलं सॉल्व्हंट शीट वितळवतं. पीयू ॲडेसिव्ह किंवा पाण्यावर आधारलेला, पॉलिस्टायरीनला चालणारा गोंद मागा आणि आधी एका तुकड्यावर लावून रात्रभर ठेवून बघा.

आता वजन, कारण इथे अंदाज नेहमी उलटा निघतो. संपूर्ण ट्रेलरला २५ मिलिमीटरचं एक्सपीएस लागतं ते जेमतेम २३-२५ किलो. पण छत आणि भिंतींना ६ मिलिमीटरचा प्लाय लावला, तर तोच ९० किलोच्या घरात जातो. म्हणून फोममध्ये कंजुषी करू नका, अस्तरात करा. ४ मिलिमीटरचा मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, छताला आणि भिंतींना पुरतो. एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) कोकणात अजिबात नको. पहिल्याच पावसाळ्यात फुगतो. प्लायच्या कापलेल्या कडांना पॉलियुरेथेन वार्निशचे दोन हात द्या, कारण ओल आणि वाळवी दोन्ही कडेतूनच शिरतात. एकूण वजन ट्रेलरच्या नोंदलेल्या मर्यादेत आहे ना, ते वजनकाट्यावर जाऊन बघा. सांगाडा किंवा बाहेरची मापं बदलणार असाल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली परवानगी लागते; ते काम हाती घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

फोम जळतं हेही लक्षात ठेवा. अग्निरोधक ग्रेड मागा, कुठेही उघडं ठेवू नका, आणि दाराव्यतिरिक्त माणूस बाहेर पडू शकेल एवढी एक खिडकी आतून उघडणारी असू द्या.

वायर आधी, फोम नंतर

दिवे, पंखा, सॉकेट, हीटर, सोलर यांच्या सगळ्या वायर आधी ओढून घ्या, आणि त्या कॉन्ड्युट पाइपातूनच न्या. पीव्हीसीची वायर पॉलिस्टायरीनला थेट टेकून राहिली, तर पीव्हीसीतलं मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू फोममध्ये जातं आणि वायरचं आवरण कडक होऊन तडकतं. भिंतीच्या आत हे घडलेलं कोणाला कळत नाही. एक रिकामी कॉन्ड्युट दोरी घालून जास्तीची ठेवून द्या, पुढे उपयोगी पडते.

छत

तुमच्याकडे पैसे आणि जाडी यांतलं जे काही असेल, त्याचा मोठा वाटा छताला द्या. कोकणातलं दुपारचं ऊन एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट टाकतं. आपल्या छताचं क्षेत्र ५.४ चौरस मीटर, म्हणजे भर दुपारी पाच किलोवॉटच्या वर. गडद रंग यातलं नव्वद टक्के गिळतो. नवा, चांगला पांढरा सोलर-रिफ्लेक्टिव्ह रंग वीस-पंचवीस टक्केच. फोमचा एक चौकोनही लावायच्या आधी हा पांढरा रंग बाहेरून मारा. इतक्या कमी खर्चात इतका फरक पाडणारं दुसरं काम या लेखात नाही. सोलर पॅनेल बसवणार असाल, तर ते छतापासून निदान पन्नास मिलिमीटर उचलून बसवा. खालून वारा खेळतो, पॅनेल थंड राहून वीज जास्त देतं आणि छताला सावली मिळते.

आतून छताला ४० ते ५० मिलिमीटर. एकच जाड शीट लावण्यापेक्षा २५ चे दोन थर लावा आणि दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर येऊ देऊ नका. प्रत्येक तुकडा दोन-तीन मिलिमीटर लहान कापून, गोंद संपूर्ण पाठीवर खाचांच्या पट्टीने पसरून दाबा. चार ठिपके लावून चिकटवला, तर मध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीत दव धरतं. लाकडी टेकू लावून रात्रभर दाबून ठेवा. कडेची फट स्प्रे फोमने भरा, पण बेताने. तो फुगतो आणि पातळ पत्र्याला बाहेरून पोट आणतो. सुकल्यावर करवतीच्या पात्याने सपाट कापा.

भिंती, पाइप आणि जमीन

भिंतींना २५ मिलिमीटर पुरेसं. पश्चिमेकडे जी बाजू तुम्ही बहुधा ठेवाल, तिला शक्य असेल तर जास्त.

भिंतीचं खरं कौशल्य पाइपांवर आहे. एक्सपीएसचे तुकडे पाइपांच्या मधल्या चौकटीत नीट बसतात, आणि मग बहुतेक जण थेट पाइपावर प्लाय मारून मोकळे होतात. स्टीलची उष्णतावाहकता ५० च्या आसपास, फोमची ०.०३३. त्यामुळे प्रत्येक पाइप बाहेरची थंडी आणि उष्णता थेट आत आणून सोडतो. अशा ट्रेलरमध्ये पहिल्या हिवाळ्यानंतर प्लायवर पाइपांच्या रेषेत काळसर पट्टे दिसतात. ती बुरशी असते. उपाय सोपा आहे. प्लाय लावण्याआधी प्रत्येक पाइपाच्या तोंडावर ६ ते १० मिलिमीटर नायट्राइल रबरची पट्टी चिकटवा आणि स्क्रू तिच्यातूनच मारा. खिडकीच्या आणि दाराच्या चौकटीभोवतीही हीच पट्टी. पोकळ पाइपांना खालच्या टोकाला निचऱ्याचं छोटं भोक आहे का बघा, नसेल तर पाडा आणि आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) फवारा.

जमिनीला १५ ते २५ मिलिमीटर एक्सपीएस आणि वर १२ चा मरीन प्लाय. उंची कमी पडत असेल तर कपात इथे करा, छतात नको. खालून उघडा प्लाय ठेवू नका, रस्त्यावरचं पाणी आणि पुळणीवरची खारी वाळू तिथेच आदळते.

खिडक्या

एकेरी काच किंवा ॲक्रिलिक उघड्या पत्र्याइतकीच उष्णता जाऊ देतं. दोन भिंतींची पॉलिकार्बोनेट शीट, १० मिलिमीटरची, ही गळती जवळपास निम्म्यावर आणते आणि फॅब्रिकेटरकडे सहज कापून मिळते. आरपार स्पष्ट दिसत नाही, म्हणून एक खिडकी समुद्र बघायला ठेवा आणि बाकीच्यांना ही लावा.

ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. आतल्या पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन ट्रेलरच्या आत आलेलंच असतं. बाहेरून शेडनेटची गुंडाळी, कापडी छज्जा किंवा साधा नारळाचा झाप बांधला तरी चालतो. रात्रीच्या गारठ्यासाठी मात्र आतून: बबल फॉइलचे खिडकीच्या मापाचे तुकडे कापून वेल्क्रोने लावा. सकाळी ते काढून काच पुसा, नाहीतर मागे साठलेलं पाणी चौकटीत उतरतं.

हवा खेळती ठेवा

दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा ते पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. ते बाहेर गेलंच पाहिजे. एक झडप खाली, जमिनीजवळ, आणि एक वर, समोरच्या बाजूला. दोन्ही कायमच्या उघड्या, जाळी लावलेल्या. डासांची जाळी हवा अडवते, म्हणून भोक थोडं मोठं ठेवा. छतावर बारा व्होल्टचा एक्झॉस्ट पंखा बसवा आणि रात्री सगळ्यात हळू वेगावर चालू राहू द्या.

स्वयंपाक बाहेर. कोकणात त्याला पडवी किंवा मांडव आहेच, ट्रेलरलाही मागे किंवा बाजूला छताखाली ओटा काढा. आत उकळलेला भात आणि गॅसची ज्योत मिळून जेवढं पाणी हवेत सोडतात, तेवढं नंतर कोणताही हीटर सुकवू शकत नाही.

गादीखाली सलग प्लाय ठेवू नका. शरीराची ऊब आणि घाम गादीतून उतरून गार प्लायवर पाणी धरतो. पट्ट्यांची खाट करा, दोन पट्ट्यांत बोटभर फट, आणि गादीखाली काथ्याची जाड चटई. ती हवा खेळती ठेवते. रोज सकाळी गादी उभी करायची सवय लावून घ्या.

ऊब किती लागते

आता हीटरचा हिशेब. बाहेर १०, आत २०, फरक १० अंश. उघड्या पत्र्याच्या ट्रेलरमधून सुमारे १६५० वॉट बाहेर जातात. वर सांगितलेलं इन्सुलेशन झालं की भिंती-छतातून २८० च्या आसपास, आणि खिडक्या, दार, झडपा धरून साडेचारशे ते पाचशे वॉट. झोपलेली दोन माणसंच त्यातले दीडशे वॉट देतात. म्हणजे दापोली-आंबोलीच्या थंडीतही साडेतीनशे वॉटची भर पुरते, आणि किनाऱ्यावर तर बहुतेक रात्री कशाचीच गरज नाही.

पहिला उपाय म्हणून हवा नव्हे, अंथरूण गरम करा. बारा व्होल्टचं इलेक्ट्रिक ब्लँकेट ४० ते ६० वॉट घेतं. आठ तासांचे जास्तीत जास्त ४८० वॉट-तास. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास देते, म्हणजे पंखा आणि दिवे चालवूनही रात्र निघते. त्याच बॅटरीवर पाचशे वॉटचा हीटर अडीच तासांत बॅटरी रिकामी करतो. ब्लँकेटला वेगळा फ्यूज द्या आणि ते घडी करून चालू ठेवू नका. वीज नसेल तर दोन लिटरची गरम पाण्याची पिशवी आणि वर वाकळ. पिशवीत जवळपास ९० वॉट-तास ऊब असते आणि ती नेमकी पायांशी मिळते.

होमस्टेच्या अंगणात मुक्काम असेल आणि सॉकेट मिळत असेल, तर ५०० वॉटचा तेल भरलेला रेडिएटर हीटर सगळ्यात शांत. पडला तर आपोआप बंद होणारा घ्या. ट्रेलरमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि पत्र्याला जोडलेलं अर्थिंग असल्याशिवाय बाहेरची वीज आत आणू नका. ओल्या अंगणात, खाऱ्या हवेत, पत्र्याच्या डब्यात राहताना हे टाळण्यासारखं नाही. एक्स्टेंशनची वायर २.५ चौरस मिलिमीटरची आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली.

डिझेल एअर हीटरबद्दल बरंच विचारलं जातं. यंत्र चांगलं आहे. ज्वलन बंद कोठीत होतं, हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, त्यामुळे आत येणारी हवा गरम आणि कोरडी. पण सर्वांत लहान हीटरही दोन किलोवॉटचा असतो आणि अगदी मंद केला तरी आपल्या गरजेच्या दुपटीने उष्णता देतो. सतत मंद चालवला तर आत काजळी धरते. म्हणून तो रात्रभर नको. झोपण्याआधी अर्धा तास आणि पहाटे अर्धा तास, दोन्ही वेळा जोरात चालवून बंद करायचा. सुरू होताना त्याचा ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती कांडी) काही मिनिटं शंभर वॉटच्या आसपास ओढतो, तेवढी तयारी बॅटरीची हवी.

बसवताना तीन गोष्टींत तडजोड नको. धुराची नळी जमिनीतून जाते तिथे स्टीलची प्लेट, भोवती फोम आणि लाकूड मोकळं. नळीचं तोंड खिडकी, दार आणि हवा घेणाऱ्या नळीपासून दूर. इंधनाची नळी धुराच्या नळीला कुठेही टेकलेली नको. आणि एक खास कोकणची सूचना: डिसेंबर-जानेवारीत कातळसड्यावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. धुराची नळी त्या गवताच्या वीतभर वर तापते. सड्यावर उतरलात तर आधी ट्रेलरखालची जागा मोकळी करा, किंवा हीटर लावूच नका. वणवा एका आंब्याच्या बागेवर थांबत नाही.

कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी, उघड्या जाळीचा गॅस हीटर, हे बंद ट्रेलरमध्ये कधीही नाही. खिडकी किलकिली ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. शिवाय एक किलो एलपीजी जळताना दीड किलोच्या वर पाण्याची वाफ सोडते, म्हणजे ऊब येते ती ओल घेऊनच. कोणताही ज्वलनाचा हीटर असो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाच्या उंचीवर बसवा आणि दोन किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक नळकांडं दाराजवळ ठेवा. सिलिंडरचा कप्पा बाहेरून उघडणारा, तळाला भोक असलेला. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर खालीच साचते.

हीटरचा कोकणातला सगळ्यात मोठा उपयोग मात्र थंडीत नाही, पावसाळ्यात आहे. बाहेर २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच हवा आत ३० अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ६७ टक्क्यांवर येते. कपडे सुकतात, बुरशी थांबते. दिवसातून एकदा अर्धा तास हीटर आणि त्यानंतर लगेच एक्झॉस्ट पंखा, एवढं केलं तर जुलैतही गादीला वास येत नाही.

ट्रेलर कुठे आणि कसा उभा करायचा

दिवसा खारे वारे समुद्राकडून, रात्री मतलई वारे जमिनीकडून. मोठी खिडकी पश्चिमेला आणि झोपायच्या बाजूची छोटी झडप पूर्वेला आली, तर दोन्ही वेळी वारा आरपार जातो. थंडीत नदीच्या खोऱ्यात, वाशिष्ठीकाठी किंवा खाडीलगत, धुकं आणि गार हवा तळाशी बसते. तिथे थोडं उंचावर उतरा, रात्र कोरडी जाते. सावलीसाठी नारळाखाली ट्रेलर लावू नका, नारळ छत फोडतो. आंब्याखाली लावलात तर तांबड्या मुंग्यांची घरटी आधी बघा. सुरूच्या बनाची सावली विरळ, पण निर्धोक. पुळणीवर उतरू नका. भरतीची रेषा बदलते आणि खारं पाणी एकदा ॲक्सलला लागलं की गोड्या पाण्याने धुवेपर्यंत ते खात राहतं.

पहिली रात्र चाचणीची

लांब जाण्याआधी एक रात्र घरासमोरच झोपून बघा. आत आणि बाहेर एकेक तापमान-आर्द्रता मीटर ठेवा. सकाळी उठल्याबरोबर हात फिरवा: छताचे कोपरे, पाइपांच्या रेषा, खिडकीच्या चौकटीखाली, गादीच्या पोटाशी. जिथे ओल लागेल, तिथे फट आहे किंवा पाइप उघडा आहे. खडूने खूण करा आणि तेवढंच उघडून दुरुस्त करा. आतली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा बरीच जास्त असेल, तर इन्सुलेशनला हात लावू नका. झडपा मोठ्या करा.

आगोटीच्या (पावसाळ्याआधीच्या) कामांत ट्रेलरही

मेच्या शेवटी ट्रेलर उभा करून ठेवणार असाल, तर आधी गोड्या पाण्याने खालून-वरून धुवा आणि दोन दिवस दार-खिडक्या उघडून सुकवा. गाद्या, पडदे, वाकळा घरात न्या. आत कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा आणि भरले की रिकामे करा. त्यातलं पाणी पत्र्यावर सांडू देऊ नका, गंज लगेच धरतो. ताडपत्री थेट छतावर घट्ट बांधू नका. बांबूचा आधार देऊन मध्ये हात जाईल एवढी हवा ठेवा आणि बाजू उघड्या सोडा. ट्रेलर पुढून किंचित उचलून ठेवा म्हणजे छतावर पाणी साचत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांवर टेकवून चाकांवरचा भार कमी करा. डिझेल हीटर दर दोन-तीन आठवड्यांनी पंधरा मिनिटं जोरात चालवा, म्हणजे पंप अडकत नाही आणि आतली हवाही सुकते. बॅटरी सोलरला जोडलेली राहू द्या, पण पावसाच्या झडीत पॅनेल फारसं देत नाही, म्हणून महिन्यातून एकदा व्होल्टेज बघा. छतावरच्या व्हेंटच्या कडेचं सीलंट पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा एकदा तपासा. उन्हाळ्यात सीलंट आकसून पडलेली भेग तेव्हाच दिसते.